ब्रेकमास्तर शेजारच्या सीटवर

आमच्या गल्लीत ‘कसं काय?’ या प्रश्नाला ‘मजेत!’ असं उत्तर देणारा माणूस बिनकामाचा समजला जातो. खरं उत्तर एकच, ‘मरायला फुरसत नाही!’ आणि ते जितकं धापा टाकत द्यावं तितका मान जास्त. औषधाच्या दुकानात लोक आपल्या रक्तदाबाचे आकडे मुलांचे मार्क सांगावेत तसे सांगतात. मी जन्मभर मजेत राहिलो, तेव्हा माझ्या मानाचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

या मापानं गल्लीतला सर्वांत यशस्वी माणूस म्हणजे आमचे ब्रेकमास्तर. ते मोटार चालवायला शिकवतात. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि आमच्या मास्तरांचा पाय सकाळपासून अंधार पडेपर्यंत त्याच्यावरच. ‘गाडीला आजवर ओरखडा नाही,’ हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं आवडतं वाक्य, ‘पास झालेले लोकसुद्धा पुन्हा माझ्याकडेच शिकायला येतात. नाव आहे आपलं!’

तो पाय मात्र घरी आला तरी कामावरच असे. टीव्हीवरच्या जाहिरातीत गाडी वळली की सोफ्यावर मास्तरांचा पाय दाबला जाई. वहिनी कपात दूध ओतू लागल्या की दाबला जाई. ‘झोपेतही दाबतात हो, माझ्या पोटरीवर,’ असं वहिनींनी माझ्या बायकोला सांगितलं, कुणाला सांगू नका म्हणून. बायकोनं ते फक्त मला सांगितलं आणि मी फक्त केस कापायच्या दुकानात.

हसण्यापर्यंत ठीक होतं. पण मास्तर माणसांनाही ब्रेक लावत. लेक म्हणाली, नोकरी बदलते. ‘थांब! आधी मागेपुढे बघ.’ जावयानं कप टेबलाच्या कडेला ठेवला की मास्तरांचा श्वास अडके आणि त्या घरातले सगळेच मग श्वास धरून बसत. नात पहिली पावलं टाकायला लागली तेव्हा हे लेकीकडे जाऊन दोन्ही हात पसरून तिच्या मागे, ‘हळू! थांब! पडशील!’ पोरगी जी बसली ती उठेचना. मास्तर परत निघाले आणि दुसऱ्या दिवशी ती घरभर चालली. त्यानंतर लेकीचा फोन आला की ती म्हणे, ‘आई, तू ये ना. बाबांना सध्या राहू दे.’

मास्तर शेजारच्या खोलीत पेपर वाचत असल्याचं दाखवत. पण पान उलटत नसत.

आणि एक दिवस गल्लीत बॉम्ब पडला. वहिनी गाडी शिकताहेत! नवऱ्याकडे नव्हे, पलीकडच्या रस्त्यावर गाडी शिकवणाऱ्या बाईंकडे. म्हणजे मास्तरांच्याच जुन्या विद्यार्थिनीकडे. मी ताबडतोब मास्तरांचा पेपर परत द्यायला गेलो. दुसऱ्याचं बोलणं अर्धवट ऐकणं मला आवडत नाही, म्हणून दाराशी उभं राहून नीट पहिल्यापासून ऐकलं.

‘घरात मास्तर असताना बाहेर? लोक काय म्हणतील?’

‘तुमच्याकडे शिकलेले परत येतात, अहो. मला एकदाच शिकायचं होतं.’

‘ते माझ्या नावामुळे येतात!’

‘तो बँकेतला माणूस काय म्हणाला आठवतंय? “मास्तर, तुमच्या गाडीत मला सगळं येतं, माझ्या गाडीत काहीच येत नाही.” कसं येणार? ब्रेक कधी लावायचा ते त्याला कळतच नाही. तुम्ही त्याच्या आधी लावून मोकळे!’

मी आत डोकावायच्या बेतात होतो, तेवढ्यात वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, ‘शनिवारी लेकीकडे जातेय. तिनं दिलेल्या जुन्या गाडीनं. तुम्ही शेजारी बसा. तिथे पायाखाली नुसती चटई आहे.’

‘तिनं बोलावलंय मला?’

‘नाही. मी नेतेय. पण वाटेत एकदा जरी ओरडलात तर बसस्टँडवर उतरवीन. तिच्या दारात जाऊन ओरडण्यापेक्षा ते बरं.’

मला वाटेतल्या गावात बहिणीकडे जायचंच होतं. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी तसं ठरलं. मागच्या सीटवर जागा मिळाली.

पहिल्या वळणालाच मास्तरांनी चटई अशी दाबली की ती गोळा होऊन सीटखाली गेली. वहिनींनी मान न वळवता सांगितलं, ‘बूट काढून बसा. पायाला हवा लागू द्या.’ त्यांनी बूट काढले. समोर ट्रक आला, मास्तरांनी डोळे मिटले. सायकलवाला आला, त्यांनी दाराचं हँडल धरलं. तोंड मात्र बंद. मी तर नाट्यगृहात बसल्यासारखा पुढे सरकून बसलो होतो.

पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. गाडी वीतभर मागे सरकली. मास्तरांचा हात हँडब्रेककडे निघाला, अर्ध्या वाटेत थांबला आणि परत आला. मग त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. कपाळावर घाम. वहिनींनीच हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, पुन्हा बंद पडलं. मागून कुणीतरी वहिनींच्या अकलेचा उद्धार केला.

‘वाजवू दे त्यांना,’ मास्तर म्हणाले. ‘तुझं तू कर. वेळ आहे आपल्याला.’

वेळ आहे! हे मास्तरांच्या तोंडून! मला वाटलं, यांना झटका-बिटका आला.

तिसऱ्या खेपेला गाडी चढली. पूल ओलांडल्यावर मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. शेतं, टेकड्या, वाळत घातलेले कपडे. इतकी वर्षं गाडीत काढून त्यांनी फक्त पुढचा रस्ता पाहिला होता. थोड्या वेळानं मला त्यांची मान एका बाजूला कललेली दिसली. मी घाबरून पुढे वाकलो. मास्तर घोरत होते. चालत्या गाडीत, शिकाऊ माणूस चालवत असताना!

माझ्या बहिणीचं गाव आलं आणि गेलं. थांबवलं असतं तर ते जागे झाले असते. शिवाय पुढचा अंक कोण सोडेल?

लेक फाटकात उभी होती. पुढच्या सीटवर बाबांना पाहिलं आणि तिचा चेहरा आक्रसला. मग काचेजवळ आली आणि दचकली.

‘आई, काय झालं यांना?’

‘काही नाही गं. झोपलेत.’

‘बाबा? गाडीत?’ ती बघतच राहिली. ‘लहानपणी बाबांना झोपलेलं कधी पाहिलंच नाही,’ असं काहीतरी पुटपुटली. मग तिनं उघड्या खिडकीतून हात घालून त्यांच्या चेहऱ्यावरचं ऊन अडवण्यासाठी सीटसमोरची झडप खाली केली, आणि बोट ओठांवर ठेवत आईला विचारलं, ‘राहाल ना दोघं चार दिवस?’