उपाशी पेशीचा प्रश्न

"इथं मेंढरं आणू नका. वास येतो." माझे गाइड भर सेमिनारमध्ये म्हणाले. मागच्या बाकावरून कुणीतरी 'बें' केलं. सगळे हसले. मी फळ्यापाशी उभी, हातात खडू.

पेशीच्या आत साखर कशी जळते, त्याचं संगणकावरचं मॉडेल मी सोपं करत होते. समीकरणांचं नुसतं रान माजलेलं. माझं म्हणणं एवढंच होतं, की काही क्रिया संथ असतात, बाकीच्या झटपट त्यांच्यामागं जातात. संथ तेवढ्या धरा, बाकीच्या आपोआप कळतात. सांगताना घरचं तोंडात आलं. आम्ही अणदूरचे, मेंढरामागचे. रस्ता ओलांडताना आमच्यात एकेक मेंढरू कुणी हाकत नाही. म्होरकी धरायची, कळप मागं येतो. मी तेवढंच बोलले होते.

सरांच्या घरात आजोबांपासून सगळे प्रोफेसर. "सोप्या डोक्याला सगळं सोपंच दिसतं," असंही म्हणाले. मी मान खाली घालून खडू ठेवला. ती खाली गेलेली मान मला अजून झोपू देत नाही.

पुढं परिषद भरली. पडद्यावर माझं मॉडेल, नाव एकट्या सरांचं. वर हसत म्हणाले, "तुळजापूर रस्त्यावर एकदा मेंढपाळ पाहिले आणि मला सुचलं." टाळ्या. तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बापाची मेंढरंसुद्धा ह्यांनी सोडली नाहीत.

पण त्या मॉडेलला एक अट होती. पेशी उपाशी असली की झटपट क्रियाही रेंगाळतात, आणि मग हे मॉडेल साफ खोटं बोलतं. मी सरांना ते समजावलं होतं. त्यांनी अट गाळली. अट ठेवली की पराक्रम लहान दिसतो.

मी उभी राहिले. "सर, उपाशी पेशीला हे चालतं का?"

"सगळीकडं चालतं. बसा."

बसले. मुद्दाम बसले. सगळ्यांसमोर त्यांनी आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता.

आईला फोन केला. गाइड सोडला तर केलेलं सगळं पाण्यात जाईल, म्हटलं.

"लई मोठा मानूस हाय म्हनं. भ्या वाटतंय व्हय?"

"वाटतंय."

"मग भेत भेत कर. पर सोडू नगंस."

दोन दिवसांनी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. कुणीतरी त्यांना खोदून विचारलं असणार. "ते उपाशी पेशीचं दुरुस्त करून दे. पुढच्या पेपरात तुझं नाव घालतो."

"नाही."

"तुझी पीएचडी माझ्या सहीवर आहे."

"सही ठेवा तुमच्याकडं. मी गाइड बदलतेय."

आता मी लिहितेय. उपाशी पेशीत हे मॉडेल कुठं आणि कसं कोसळतं, आकृत्यांसकट. वेळ लागेल, लागू दे. त्यांनी माझं नाव गाळलं. मी त्यांचं गाळणार नाही. पहिल्याच परिच्छेदात घालीन, पूर्ण नाव, चूक कुणाची हे सांगायचं असतं तिथं.