कोऱ्या यंत्रांचा मुहूर्त

सोलापूरच्या एका कॉलेजात मी सात वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळली. दर वेळी अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस घरी, मग पुन्हा नवी ऑर्डर. मंगळवेढ्याहून रोज एसटीनं यायचे. चाळीस नवे कॉम्प्युटर आले तेव्हा प्राचार्य म्हणाले, "मॅडम, ही लॅब नीट उभी करा. तुम्हाला कायम करण्याचा प्रस्ताव लगेच पाठवतो." मी हुरळले. काय डोंबलाची अक्कल होती मला!

चाळीस मशीनवर एकेक करून विंडोज कोण घालत बसणार? सर्व्हरवर एक तयार इमेज, म्हणजे विंडोजची आयती प्रत ठेवायची, ती केबलवरून एकदम सगळीकडे जाते. फक्त नव्या मशीनचं नेटवर्क कार्ड ओळखणारा ड्रायव्हर त्या इमेजमध्ये आधी घालावा लागतो. आणि कार्ड कुठलं आहे, हे मशीन चालू केल्याशिवाय कळत नाही. बिलावर नुसतं 'संगणक, चाळीस नग'.

मी प्राचार्यांकडे गेले. "सर, एकच मशीन चालू करून बघते."

"अजिबात नाही. कोरी यंत्रं आहेत. पूजा होऊन पाहुण्यांच्या हातानंच चालू झाली पाहिजेत."

शिपाईमामा लॅब झाडत होते. म्हणाले, "म्याडम, कोपऱ्यातलं एक लावून बघा की. हितं कुणाला कळतंय?"

बटणापर्यंत गेलेला हात मी मागे घेतला. सरांना कळलं तर प्रस्ताव बारगळायचा, ही भीती. त्या भित्रेपणाची मला आजही चीड येते.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, चाळीस मॉनिटरना हळदकुंकू लागलं, पाहुण्यांच्या खांद्यावर चादर आली. त्यांनी एक बटण दाबलं, बाकीची कॉलेजच्या मुलींनी. काळा पडदा, थोडी हालचाल, आणि चाळीसही मशीनवर एकच ओळ: नेटवर्क ड्रायव्हर सापडत नाही. पाहुणे हसून म्हणाले, "मुहूर्त चुकला वाटतं." सगळे हसले. प्राचार्य हसले नाहीत. सगळ्यांदेखत माझ्याकडे बघून म्हणाले, "साधं एक काम सांगितलं होतं तुम्हाला."

पाहुणे जेवायला गेले. मी कार्डाचा नंबर बघितला, ड्रायव्हर उतरवला, इमेजमध्ये घातला. पाऊण तासात चाळीसही मशीन सुरू. बघायला शिपाईमामा सोडून कुणी नव्हतं.

प्रस्ताव गेलाच नाही. त्या वर्षीचा एक दिवसाचा खंड संपला आणि पुढची ऑर्डर आली नाही.

परवा माझ्या जागी आलेल्या मुलाचा फोन आला. त्याला कायम केलंय. "मॅडम, अजून वीस मशीन आलीत, परवा उद्घाटन आहे. तुमच्या इमेजमध्ये ड्रायव्हर कसा घालायचा?"

सगळं सांगितलं. त्याच्यावर कशाला राग काढू? शेवटी म्हटलं, "पण आधी एक मशीन चालू करून बघ."

"सरांना विचारतो," तो म्हणाला.

"मी विचारलं होतं," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.