माझ्याच गावात दोन रात्री, सातव्या मजल्यावर

आधीच सांगते, हॉटेलचं नाव लिहिणार नाही. का, ते शेवटी कळेल. कोल्हापुरात उंची हॉटेलात राहायचा विचार असेल तर वाचा, कामाची माहिती यात आहे. बाकीचं माझं रडगाणं आहे, ते वगळलंत तरी चालेल.

मला पुण्यात येऊन बावीस वर्षं झाली. माहेर कोल्हापूर, शिवाजी पेठेतलं. ते भाड्याचं घर आता नाही. दादा-वहिनी उचगावात स्वतःच्या घरात राहतात. आई शेवटची दीड वर्षं तिथंच अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं वहिनीनं केलं. मी महिन्याकाठी एकदा जाऊन उशाशी बसायची आणि परत यायची. आई गेली, आणि तेराव्याला, चार माणसांत, पंगत उठताना मी वहिनीला म्हणाले, "आता माझं इथं काय राहिलंय?" का म्हणाले, देव जाणे. आईची आवडती आमटी कुणी केली नव्हती, एवढंच निमित्त. वहिनी खरकटी पानं उचलत राहिली. त्यानंतर मी उचगावला गेले नाही. मागच्या महिन्यात वर्षश्राद्ध झालं, तेव्हाही खोकल्याचं कारण सांगितलं.

मग एक दिवस कोल्हापूरची ओढ अनावर झाली. जायचं तर होतं, पण त्या घरी नाही. नवरा म्हणाला, "दादाकडे जा की सरळ." मी म्हटलं, ब्लॉगसाठी जातेय, हॉटेलवर लिहायचंय. बुकिंग मी सासरच्या आडनावावर केलं, एका रात्रीचे साडेआठ हजार, नाश्त्यासकट.

शुक्रवारी सकाळी सहाला गाडी काढली. हायवेचं काम चालू आहे, साताऱ्याच्या पुढं सारखी वळणं घालून देतात, तेव्हा वेळेचा हिशेब सैल ठेवा. मला साडेपाच तास लागले. कराडच्या पुढं एका धाब्यावर चहा घेतला, तो अर्धाच प्यायले. का कुणास ठाऊक, कुठंच बूड टेकवत नव्हतं.

हॉटेलात शिरताना गळ्यात साज घातलेली रिसेप्शनची मुलगी पुढं आली. ओवाळलं, कोकम सरबत दिलं आणि गोड आवाजात विचारलं, "मॅडम, कोल्हापूरला पहिल्यांदाच येताय?"

"हो," मी म्हटलं.

बघा, किती सहज खोटं बोलते माणूस! तिनं लगेच शहराचा छापील नकाशा हातात दिला. अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, न्यू पॅलेस, सगळ्यावर लाल टिंबं. ज्या गल्लीत मी सायकल शिकताना दोनदा दात पाडून घेतले, ती गल्ली नकाशात नव्हतीच.

खोली अव्वल होती, उगाच नावं ठेवणार नाही. पडदे बटणावर सरकतात, न्हाणीघर आमच्या जुन्या स्वयंपाकघराहून मोठं, आणि उशांचासुद्धा मेन्यू होता. सहा प्रकार! मी दोन मागवल्या, दोन्ही परत पाठवल्या. पलंगावर बसले, उठले. पडदा उघडला, लावला, पुन्हा उघडला. खिडकीतून सगळं गाव दिसत होतं आणि मी त्यात उचगाव कुठल्या बाजूला येतं ते शोधत होते. स्वतःचाच राग आला. जेवायला खाली गेले तर पांढरा रस्सा इवल्याशा काचेच्या पेल्यात आला, वर कोथिंबिरीचं एक पान. चव खरंच चांगली होती. पण पेला एका घोटात संपला, आणि दुसरा मागायची लाज वाटली.

शनिवारी सकाळी नाश्त्याला चाळीसेक पदार्थ मांडले होते. ताजी फळं, तीन तऱ्हेची अंडी, डोसा समोर घालून देतात. इतकं सगळं सोडून मी रिक्षा केली आणि शिवाजी पेठेत बंडूदादाच्या मिसळीला गेले. बंडूदादा आमचा जुना शेजारी, दादाचा तालमीतला जोडीदार. टोपी-गॉगल घालून कोपऱ्यात बसले, तर काउंटरवरनंच आवाज आला, "कवा आलीस गं? दादाकडं उतरलीयास न्हवं?"

मी हॉटेलचं नाव सांगितलं. त्यानं कटाचं भांडं खाली ठेवलं. दुकानात पाचसहा माणसं होती, सगळ्यांनी वळून बघितलं. कोल्हापुरात माहेर असलेल्या बाईनं हॉटेलात उतरणं म्हणजे भावाच्या तोंडावर दार आपटण्यासारखं, हे मला काय माहीत नव्हतं? बंडूदादानं भांडं पुन्हा उचललं. मिसळ दिली, वर न मागता कट ओतला. मी नाक पुसत खाल्ली आणि तिखटाचं निमित्त केलं. जाणार असाल तर नऊच्या आत जा, नंतर पाव संपतो.

ही बातमी मी परत पोचायच्या आत उचगावला गेली असणार, याबद्दल शंका नको. मी फोनची वाट बघत बसले. दादा चिडेल, काय काय बोलेल आणि मी त्याला कसं ठणकावीन, हे सगळं मनात पाठ करून ठेवलं. पोहण्याच्या तलावाशी आडवी झाले, फोन छातीवर ठेवून. तिथून लॉबीत, लॉबीतून खोलीत. मसाज ठरवला होता, तोही रद्द केला. फोन आलाच नाही. खरं सांगते, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी हॉटेलातच नाश्ता करून साडेनवाला बॅग भरत होते, तर रिसेप्शनवरून निरोप आला की भेटायला कुणी आलंय.

लॉबीतल्या त्या अजस्र सोफ्याच्या अगदी कडेला वहिनी बसली होती. ठेवणीतलं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. दारावरच्या यंत्रातून तिचा नारळसुद्धा तपासून आत सोडला होता. मला बघून उठली आणि माझ्याशी बोलायच्या आधी रिसेप्शनच्या मुलीला तिनं विचारलं, पूर्व कुठल्या बाजूला? मुलीनं गोंधळून कॉफीच्या यंत्राकडे बोट दाखवलं. वहिनीनं मला त्या यंत्राकडे तोंड करून बसवलं. पिशवीतून ताट काढलं. हळद-कुंकू लावलं. मी जीन्स-कुडत्यात होते, पदर कुठला? मग ओढणी पसरली आणि तिनं तांदूळ, नारळ, खण, सुपारी, सगळं ओटीत घातलं. येणारे-जाणारे थबकून बघत होते. रिसेप्शनची मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही इथल्याच?" मला मान वर करवेना.

ओटी भरली की त्यातले चार दाणे माहेरच्या ताटात परत टाकायचे, म्हणजे माहेर भरलेलं राहतं, असं आमच्यात मानतात. आईनं लावलेली सवय. मी नकळत चिमूट उचलली आणि ताटाकडे हात नेला. वहिनीनं ताट मागं घेतलं.

"हितं न्हाय टाकायचं, वन्सं," ती म्हणाली. "घरात येऊन तांदळाच्या डब्यात टाका. तुमचं काय ऱ्हायलं न्हाय म्हणालासा की. मग चार दाणं तरी ऱ्हाऊ द्यात."

आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. डाळ शिजायला टाकून आलेय म्हणाली आणि रिक्षात बसून गेलीसुद्धा. कॉफी विचारायचंही मला सुचलं नाही.

मी अकराला हॉटेल सोडलं. ओटी शेजारच्या सीटवर आणि ती चिमूट रुमालाच्या गाठीत. हायवेच्या पुलाशी एक रस्ता पुण्याला जातो आणि एक उचगावात. तिथं गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं नुसती बसले. मागून ट्रकवाल्यानं हॉर्न मारला, आणि मी उचगावात शिरले.

दादा पायरीवर पेपर वाचत होता. "आलीस? हातपाय धू," एवढंच म्हणाला आणि पेपर तोंडापुढं धरला. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. तांदळाच्या डब्याचं झाकण मला निघेना, ते वहिनीनं काढून दिलं. रुमालाची गाठ सोडली, दाणे टाकले. "वहिनी, मी चुकले," म्हटलं आणि तिथंच ओट्याला धरून ढसाढसा रडले. ती पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग जेवायला वाढलं. आईची आमटी होती. आंबट जरा जास्त झालेली, मी तीनदा घेतली.

पुण्यात येऊन आता चार दिवस झाले. तुमच्यासाठी खरं मत: हॉटेल उत्तम, खोल्या स्वच्छ, माणसं अतिशय अदबीची, नाश्त्याला तोड नाही. त्यांनी पाठवलेल्या फॉर्मवर मी सगळीकडे पैकीच्या पैकी दिले. फक्त 'पुन्हा आमच्याकडे राहाल का?' या प्रश्नापुढं 'नाही' लिहिलं. काल त्यांच्या मॅनेजरचा फोन आला. बिचारा काळजीत होता; माझ्या 'नाही'चा ठपका त्यांच्यावर येऊ नये, म्हणूनच नाव लिहिलेलं नाही. मॅडम, आमचं काय कमी पडलं, म्हणून दोनदोनदा विचारत होता.

"तुमचं काय बी कमी पडलं न्हाय," मी म्हटलं. "कोल्हापुरात माझं घर हाय की."