सोमवारच्या दुपारी दोन खोल्यांत

जे लिहितोय ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. अनुभव अर्धाच सांगितला असता तर सोपं होतं... पण तो अर्धा सांगून कळत नाही. त्याच्या आधी मी काय केलं ते सांगावंच लागतं, आणि तिथंच इतकी वर्षं अडत होतं.

भूत-खेत, करणी, अंगात येणं, यातलं मी काही मानत नाही. आमच्या शिरोळकडं पुराच्या पाण्यात गेलेल्या माणसांच्या गोष्टी ढिगानं सांगतात. मी त्या ऐकताना हसणाऱ्यांतला. आजही कुणी मला भूत दिसलं म्हणाला तर मी आधी त्याला चष्म्याचा नंबर विचारीन. शिवाय मी सांगतोय त्यात मेलेलं कुणीच नाही. सगळी माणसं जिवंत आहेत. म्हणूनच जास्त अवघड आहे.

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बाजूला एका भांड्यांच्या दुकानात मी बावीस वर्षं कामाला आहे. भांड्यांवर नावं घालतो. संजय आमच्याच दुकानात, गोडाऊनला. (नावं बदलली आहेत.) तो कोडोलीचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. नऊ वर्षांपूर्वी त्याची मुलगी प्रज्ञा तिसरीत जाणार होती. मंगळवार पेठेतल्या एका चांगल्या शाळेत तिला जागा मिळाली होती. आता एकच राहिलं होतं... खोली. खोली मिळाली की बायको सुनंदा आणि प्रज्ञा कोडोलीहून येणार आणि तिघं पहिल्यांदाच स्वतःच्या चुलीवर एकत्र राहणार. तोवर तो एका लॉजवजा ठिकाणी कॉट लावून राहायचा. मीही तिथंच, शेजारच्या कॉटवर.

आमच्या पगारात कोल्हापुरात खोली शोधणं म्हणजे काय ते शोधणाऱ्यालाच ठाऊक. परवडते तिथं नळ नसतो, नळ असतो तिथं परवडत नाही. आणि दोन्ही जमलं की मालक खुर्ची पुढं ओढून विचारतो, "पावणं कुठलं?" इथं शाकाहाराची अट घालून कुणाला टाळता येत नाही, मटण सगळेच खातात. म्हणून मग गाव, गावातली गल्ली, देव, सोयरीक असं विचारत विचारत आत शिरायचं. संजयचं आडनाव सगळ्यांत असतं तसलं. त्यावरून काही कळायचं नाही. पण तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला तो अडखळायचा. खोटा देव सांगायला त्याची जीभ वळायची नाही.

म्हणून तो मला म्हणाला, "दादा, तुमी या की संगट. तुमच्या बोलन्याला वजन हाय."

गेलो. तालमीच्या मागं एक दुमजली घर. वर बाहेरून जिना, दोन खोल्या. खाली मालकीणबाई जोंधळे पाखडत बसलेल्या.

"मटान खाताय न्हवं?" त्यांनीच विचारलं.

संजय म्हणाला, "खातोय की मावशी."

"मग झालं. मटान न खानारं माझ्याकडं टिकत न्हाईत, तांबड्या रश्श्याच्या वासानंच पळत्यात." असं म्हणून हसल्या आणि चावी दिली. "जा, वर बगून या."

तो वर गेला. एकटाच. मी खाली थांबलो. बाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्यातलंच हाय न्हवं?"

'हो' म्हणता आलं असतं. 'माणूस चांगला आहे, एवढं बघा' असंही म्हणता आलं असतं. वरून त्याच्या पावलांचा आवाज येत होता, खिडकी उघडल्याचा आवाज आला... आणि मी म्हणालो, "न्हाई ओ. कोडोलीत त्येंची गल्ली वेगळी."

एवढंच. बाईंनी मान हलवली आणि सूप परत उचललं.

हे मी का बोललो? त्या दुपारी मलाही ती खोली हवी झाली होती. बायकोला गावाहून आणायचं माझ्याही मनात होतंच. पण ते कळायलाही मला फार दिवस लागले. बोलताना मला वाटलं, मी फक्त विचारलेल्याचं उत्तर देतोय.

संजय उड्या मारत जिना उतरला. "दादा, शाळा हितनं चार मिंटं! पोरगी एकटी जाईल."

बाई म्हणाल्या, "आगं बाई, इसरलेच बगा. माझ्या भाच्यानं आदीच शब्द टाकलाय."

दोन दिवसांनी मी एकटाच गेलो आणि खोली मला मिळाली. संजयला सांगितलं, "भाचा आला न्हाई. तुज्यासाटनं इचारायला गेलतो, तर बाईंनी मलाच गळ घातली." त्यानं माझ्या कॉटखालची ट्रंक बाहेर ओढली. मग म्हणाला, "बरं झालं की. घरातली खोली घरातच ऱ्हायली." माझी ट्रंक त्यानंच खांद्यावरून वर नेली. खोलीत त्याचं पाऊल पडलं ते ह्या दोन वेळा. मग पुढं मीच कधी बोलावलं नाही.

तो आणखी काही महिने हिंडला. नंतर शाळेनं जागा दुसऱ्या मुलीला दिली.

माझी बायको आलीच नाही. माझ्या आईनं अंथरूण धरलं आणि तिला शिरोळ सुटलं नाही. दोन खोल्या, आणि त्यात मी एकटा. घर खायला उठायचं.

आता अनुभव.

आमचं दुकान सोमवारी बंद. जेवून मी पुढच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपायचो. दाराच्या आत दुसरी फरशी सैल होती, पाय पडला की 'टक्' वाजायची. मी आलो की वाजे, गेलो की वाजे.

श्रावणातला सोमवार असेल. बाहेर भुरभुर, तालमीतल्या ओल्या मातीचा वास. झोप धड लागलीही नव्हती. आणि घर भरलं... दुसरा शब्द नाही. मागच्या खोलीत कुणीतरी कणीक मळत होतं, परातीचा तो बसका आवाज. बांगड्या मागं सारल्याचा आवाज. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा वास. कुणीतरी लहान माणूस पुटपुटत पाढा म्हणत होतं, सातचा, आणि सात सक्कं जवळ अडत होतं. भीती? अजिबात नाही. गावाकडं दुपारी पाहुणा म्हणून गेल्यावर सोप्यात झोपावं आणि घरातली माणसं आपल्या अवतीभवती वावरावीत, तसं वाटत होतं. पांघरूण पायांवरून सरकलं होतं, ते कुणीतरी नीट केलं. आणि बाईचा आवाज, अगदी हळू, "हळू गं. काका झोपल्यात."

उठलो तर पाच वाजलेले. खोलीत कुणी नाही. ओटा कोरडा. पांघरूण मात्र पायांखाली नीट खोचलेलं.

स्वप्न म्हणून सोडून दिलं. पुढच्या सोमवारी पुन्हा. मग बहुतेक सोमवारी. कधी बुद्धवंदनेचे पुटपुटलेले शब्द, कधी पेन्सिलीला टोक काढल्याची करकर, कधी दोघींचं दाबून धरलेलं हसू. डोळे उघडायचा मी प्रयत्न करायचो, पण पापण्या ओल्या घोंगड्यासारख्या जड. एक गोष्ट मात्र मला जाणवायची... माणसं आत-बाहेर करत होती, पण ती फरशी कधी वाजली नाही. एकदाही नाही.

मालकीणबाईंना विचारलं, माझ्या आधी इथं कोण होतं.

"माझा भाऊ. लगीन न झालेला. का ओ?"

"कुनी लहान पोरगी?"

"ह्या माळ्यावर पोरगी कुटली? दुपारचं लई जेवू नगा पावणं, पोट चढतंय."

डॉक्टरांना दाखवलं, दुपारची झोप फार जड लागते एवढंच सांगून. त्यांनी बीपीची गोळी दिली, ती अजून चालू आहे. फरक काही पडला नाही. आणि खरं सांगू? फरक पडावा असं मला वाटतही नव्हतं. मी सोमवारची वाट बघायला लागलो होतो. आठवड्यातले सहा दिवस मी त्या खोल्यांत एकटा असायचो आणि सातव्या दिवशी कुणाच्या तरी घरी पाहुणा. कुणाच्या, ते मी स्वतःला विचारलं नाही. सुनंदाचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता.

तीन वर्षांनी ते घर बिल्डरला गेलं. मी फुलेवाडीला एक खोली घेतली. तिथल्या सोमवारी नुसती झोप यायची.

गेल्या वर्षी जूनमध्ये संजय प्रज्ञाला घेऊन दुकानात आला. दहावी झाली, कोल्हापुरातच कॉलेज, दोन मैत्रिणींबरोबर खोली बघायची चालली होती. सुनंदाही बरोबर होती. ताट, वाटी, तांब्या घेतला. मी नाव घालायला बसलो. मशीन लावायच्या आधी सुनंदा मुलीला म्हणाली, "हळू गं, धक्का लागंल." माझा हात तिथंच थांबला. तो आवाज...

संजय हसत होता. "दादा, हिला खोली पसंतच पडंना. म्हनतीय, सपनातल्यागत पायजे."

"कसलं स्वप्न?" मी विचारलं.

"लहानपणी पडायचं," प्रज्ञा म्हणाली. "आपण तिघं एका घरात राहतोय. माडीवर. खिडकीतून तालीम दिसते. दारापाशी एक फरशी आहे, तिच्यावर पाय द्यायचा नाही."

"का?"

"वाजते ना. एक काका झोपलेले असतात. कायम झोपलेलेच. भिंतीकडं तोंड करून. त्यांना उठवायचं नाही असं आई म्हणायची. मी पाढेसुद्धा पुटपुटतच म्हणायचे."

सुनंदा म्हणाली, "मी कशाला म्हनू? सपनातली आय म्हनली आसंल."

"चेहरा बघितलास त्यांचा?" मी विचारलं.

"नाही. सहावीत असताना एकदा बघितलं तर ते नव्हते. मग आम्हीपण नव्हतो. परत नाही पडलं."

ती सहावीत होती तेव्हाच मी ते घर सोडलं.

खिडकी आणि तालीम संजयनं कोडोलीत जाऊन सांगितली असेल. तो ट्रंक घेऊन आला तेव्हा ती फरशीही वाजली असेल. हे मी धरून चालतो. पण झोपलेला माणूस? सोमवार दुपार मी कुणालाच सांगितली नव्हती. मुलगी कोडोलीत शाळेत बसलेली असताना तिचा पाढा माझ्या खोलीत कसा अडत होता? तिसरीपासून दहावीपर्यंत, आठ वर्षं, ती तिघं एका छपराखाली सलग महिनाभरही राहिली नाहीत. संजय रविवारी रात्री एसटीनं जायचा आणि सोमवारी परतायचा. मग माझ्या पाठीमागं ती कुठल्या घरात राहत होती? मला आजही सांगता येत नाही, आणि कुणी सांगेल असंही वाटत नाही.

तांब्यावर नाव घालून दिलं. 'ज्ञ' थोडा वाकडा आला. संजय म्हणाला, "दादा, सोमवारी या की संगट. पोरींची खोली बगायचीय. तुमच्या बोलन्याला वजन हाय."

गेलो. तिथल्या मालकानं मला बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारला. ह्या वेळी मी म्हणालो, "आमच्यातलीच हाय. माझी पुतणी समजा." पोरींना खोली मिळाली. संजयनं रस्त्यातच माझे दोन्ही हात धरले. मी ते सोडवून घेतले आणि चहाला चला म्हणालो.

चहा पिताना सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं. वर्ष होऊन गेलं. तो रोज सकाळी गोडाऊनचं शटर उघडतो, 'दादा, च्या झाला?' म्हणून विचारतो, आणि मी झाला म्हणतो.

ती आठ वर्षं मला परत देता येणार नाहीत. मालकीणबाईंनी नव्हे, मी ती खोली घालवली, एवढं त्याच्या तोंडावर सांगणं मी संजयला देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.