ओके डॉक्टरांची दाढ

दातांच्या या डॉक्टरांना अख्खी गल्ली ‘ओके डॉक्टर’ म्हणायची. पेशंटनं आ वासला, की हे ‘ओके’ या शब्दाच्या जन्माची कथा लावून द्यायचे, आणि तीही माणूस बघून. लष्करातून निवृत्त झालेले आजोबा आले, की ‘ओके’ रणांगणावर जन्मायचा. आज आपलं कुणी मेलं नाही, म्हणून फळ्यावर शून्य, म्हणजे ‘ओ’, आणि पुढे ‘किल्ड’चा ‘के’! बंदरावरच्या हमालासाठी तोच शब्द दूरदेशीच्या दारूच्या पिंपावरून उतरायचा. खरी हकीकत म्हणजे अमेरिकेतल्या वर्तमानपत्रवाल्यांनी ‘ऑल करेक्ट’चं स्पेलिंग गमतीनं चुकवून त्याची आद्याक्षरं छापली. पण ती सांगण्यात काय मजा? तोंडात नळी असताना वाद घालणार कोण! नवल एवढंच, की त्यांच्या खुर्चीत कुणाला फारसं दुखत नसे.

शेजारच्या खोलीत त्यांची लेक बसायची. तीही दातांची डॉक्टर. हात बापाहून हलका, पण बोलणं मोजकं. पेशंट म्हणायचे, “ताई नकोत, आम्ही थांबतो.” आणि डॉक्टर मिशीतल्या मिशीत हसायचे. शेवटी लेक वैतागली.

“बाबा, मला दुसरीकडे नोकरी मिळतेय. पेशंट माझ्याकडे पाठवणार नसाल, तर मी चालले.”

“बघू,” डॉक्टर म्हणाले. त्यांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांची दाढ ठणकू लागली. जन्मभर लोकांना सुया टोचल्या, पण स्वतः सुईला असे भ्यायचे की विचारू नका. गाल सुजून टम्म झाला, तेव्हा कुठे लेकीच्या खुर्चीत बसले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही; तिथंही म्हणाले, “दिवा जरा डावीकडे घे.”

“आ करा. बाबा, ‘ओके’ दातांच्या डॉक्टरांनीच काढला, माहितेय? आ वासल्यावर माणसाला ‘ओ’ एवढंच म्हणता येतं.”

डॉक्टरांनी डोळे वटारले. “ओ! ओओ!”

“बघा, पटलं! ‘के’ मागाहून एका डॉक्टरच्या आगाऊ जावयानं जोडला.”

जावई! डॉक्टरांनी खुर्चीवरचा हात सोडून तर्जनी नाचवली. असली भिकार थाप त्यांनी उभ्या जन्मात मारली नव्हती.

“झालं,” लेकीनं हात बाजूला घेतले. “सुई टोचून झाली.”

आपलीच युक्ती आपल्यावर चालली, हे डॉक्टरांना नेमकं कळलं.

“हे कुठे शिकलीस?”

“तुम्ही मधलं दार कधी लावलंत?”

आधी त्यांना भयंकर राग आला. मग इतका अभिमान वाटला, की डोळ्यांत पाणी आलं. दाढ निघाल्यावर ते कापूस चावत बाहेर आले. लष्करातले आजोबा वाटच बघत होते.

“डॉक्टर, तुम्हीच बघा. आम्ही थांबतो.”

डॉक्टरांनी त्यांना दंडाला धरलं, लेकीच्या खुर्चीत नेऊन बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाकावर टेकले.

“आ करा, आजोबा,” आतून आवाज आला. “लढाईत त्या दिवशी दोघंच मेले होते...”

शून्य! शून्य मेले होते! डॉक्टर ताडकन उठले. पण तोंडात कापूस होता. मग ते पेशंटांच्या बाकावर परत बसले आणि पुढचं ऐकू लागले.