भट्टी नव्हे, शेगडी

झेनॉन क्लोसेकने अडतीस वर्षं बिदगोश्च शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. या काळात त्याने एकही नवी वस्तू बनवली नाही. दुसऱ्यांनी बनवलेलं बिघडलं की ते पुन्हा चालू करायचं, एवढंच. निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्याने ठरवलं, आता लोखंड तापवायचं आणि स्वतःच्या हाताने काहीतरी घडवायचं. निदान कोट अडकवायचा एक आकडा तरी. त्याची बायको वांदा म्हणाली, खुशाल घडव, पण आपल्या चौथ्या मजल्यावर नको.

म्हणून भट्टी गेली शहराबाहेरच्या बागवसाहतीत, जिथे फ्लॅटमधल्या लोकांना बागेपुरती जमीन वापरायला मिळते. तिथला तीन गुंठ्यांचा तुकडा त्यांना अकरा वर्षं यादीत नाव ठेवल्यावर मिळाला होता. थोडे टोमॅटो, शेपूचा वाफा, एक चेरीचं झाड आणि लाकडी खोली. ट्रकच्या ब्रेकचा जुना ड्रम ही भट्टी, वांदाचा हेअर ड्रायर हा भाता आणि रुळाचा हातभर तुकडा ही ऐरण. सगळं भंगारातलं, पण नीट चालायचं.

अडचण नियमांची होती. वसाहतीत धंदा, कारखाना आणि भट्टी यांना बंदी होती. मांस भाजायची शेगडी मात्र चालत असे. पहिल्या चुकीला ताकीद, दुसऱ्या चुकीला जागा परत. कुंपणाची झुडपं चार बोटं जास्त वाढली म्हणून झेनॉनला पहिली ताकीद आधीच मिळाली होती. तेव्हा त्याने सगळ्यांना सांगून टाकलं, की ही शेगडी आहे. आणि ठोकल्याचा आवाज? तो डुकराच्या मांसाचे काप मऊ व्हावेत म्हणून कुटल्याचा. रविवारी दुपारी घराघरातून तो येतोच.

पण झेनॉन मंगळवारीही ठोकायचा. शेजारचा हुबेर्ट एकदा कुंपणावरून डोकावला.

"शेजारी, तुम्ही दोघंच ना घरात? मग चार दिवस झाले, हे एवढे काप खातंय कोण?"

"जून मांस आहे," झेनॉन म्हणाला.

"जून? शेजारी, ते तुम्हाला ठणठणीत उलट उत्तर देतंय."

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र झेनॉन कुणाचं ऐकत नसे. लिफ्टच्या उभ्या पोकळीत त्याने पाहिलं होतं, 'काही होत नाही रे' म्हणणाराच आधी खाली येतो. म्हणून अंगात सुती शर्ट, पायांत चामडी बूट, जुन्या सोफ्याचं चामडं कापून केलेला एप्रन, डोळ्यांवर संरक्षक चष्मा. एक बादली पाण्याची, एक वाळूची. जस्त चढवलेला पाइप आगीत घालायचाच नाही, कारण त्याचा धूर विषारी. आणि भट्टीभोवती दोन मीटरवर चुन्याची रेषा. ती वांदालाही ओलांडायला बंदी होती. चहाचा मग ती दाताळ्याच्या टोकाला अडकवून आत सरकवायची आणि काय वाटतं ते बोलून घ्यायची.

जूनमध्ये पाहणी समिती आली, तीही सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी. अध्यक्ष रेगिना व्रोना, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, आणि नायलॉनचा ट्रॅकसूट घातलेले सचिव फेलित्स्यान. झेनॉनने ऐरणीवर मेणकापड टाकून वर काकड्यांची बशी ठेवली. पण भट्टीत सळई होती. नऊ आकडे बिघडले होते, हा दहावा, आणि तो तापून छान पिवळा झाला होता.

"हे काय?" रेगिनाबाईंनी विचारलं.

"सॉसेज ओवायची सळई, अध्यक्षबाई."

"मग भाजा. आम्ही बसतो."

झेनॉनने सळई बाहेर ओढली आणि दोन सॉसेज ओवली. ती ओवतानाच चर्र झाली. आगीवर धरल्यावर चरबी ठिबकली आणि ज्वाळा माणसाच्या उंचीएवढी उसळली. फेलित्स्यान वास घ्यायला पुढे वाकले.

आता गप्प बसण्यातच शहाणपण होतं. पण नायलॉन आणि आग यांच्यामध्ये वीतभर अंतर उरलं होतं, आणि अडतीस वर्षांची सवय झेनॉनच्या तोंडून ओरडली, "रेषेच्या मागे व्हा! तो कपडा जळत नाही, वितळतो आणि कातडीला चिकटतो." त्याने हेअर ड्रायर बंद केला, ड्रमवर पत्रा सरकवला, दोघांच्या डोळ्यांवर जादा चष्मे चढवले, अध्यक्षबाईंना एप्रन बांधला आणि सगळे नियम एका दमात म्हणून दाखवले. मग आपण काय करून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. शेगडीपाशी असं कोण बोलतं?

"झेनॉन, सॉसेजची एवढी काळजी घेणारा माणूस मी आजवर पाहिला नाही," रेगिनाबाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

झेनॉन चेरीच्या झाडाकडे बघत राहिला. अकरा वर्षं थांबून मिळालेलं झाड. फेलित्स्याननी चष्मा न काढताच एक घास घेतला आणि कळवलं, बाहेरून कोळसा, आतून बर्फ.

"काय लिहिलंत?" शेवटी झेनॉनने विचारलं.

"यंदा शेगड्यांमुळे दोन खोल्या जळाल्या. तेव्हा: 'शेगडी उत्तम. सर्व सभासदांनी हीच पद्धत पाळावी. प्रशिक्षण दर शनिवारी, क्लोसेक यांच्याकडे.'" त्यांनी मेणकापडाकडे पेन रोखलं. "खाली आगगाडीचा रूळ आहे. या चष्म्यातून मला तो दिसत नाही."

जुलैत एकशे चाळीस तुकड्यांवर चुन्याची वर्तुळं उमटली. कुणी पोहायचा चष्मा लावून भाजत होतं, कुणी बर्फात घसरायचा. हुबेर्टने चिडून पाणबुड्याचा मुखवटा आणला आणि झेनॉनशी बोलणं सोडलं. शनिवारी हजेरीला मात्र यावंच लागे. एकदा त्याने मुखवट्याच्या आतूनच विचारलं, की दोन मीटरवरून सॉसेज झालं हे ओळखायचं कसं.

झेनॉनने आयुष्यात एकही सॉसेज नीट भाजलं नव्हतं. त्याने प्रामाणिकपणे विचार केला.

"रंगावरून," तो म्हणाला. "गडद लाल झालं की काढा. पिवळं होईपर्यंत थांबू नका."

सगळ्यांनी ते लिहून घेतलं.