दूध तापेपर्यंत

मार्केट यार्डात कोबीच्या पाल्यावरून माझा पाय घसरला आणि घोटा मुरगळला. सूज उतरली, पण चालताना भिंतीचा आधार सुटेना. म्हणून बिबवेवाडीतल्या फिजिओथेरपिस्टकडे गेले. मला वाटलं होतं, एखादं मशीन लावेल.

"घोट्याची तोल सांभाळायची सवय गेलीये, काकू," ती म्हणाली. "सकाळी दूध तापेपर्यंत त्या एका पायावर उभं राहायचं. हात ओट्याजवळ ठेवायचा, ओट्यावर नाही."

दुधापाशी उभं राहायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी राहिले. सुरुवातीला ओटा घट्ट धरत होते. मग एका सकाळी दूध वर आलं, मी एका हाताने गॅस बंद केला, दुसऱ्याने पातेल्यावर जाळी ठेवली आणि पाहिलं, तर दुसरा पाय अजून अधांतरीच होता.

शाबासकी मिळेल म्हणून तिला सांगितलं.

"छान. आता हेच डोळे मिटून."

"मग दुधाकडे कोण बघणार?"

"घरात आणखी कोणी असेल ना?"

शेजारी बसलेले आमचे हे मोबाईलमध्ये बघू लागले.

दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं. मी उभी होते.